लिओंतिनानं आपल्याच नावानं घातलेलं जेवण

लिओंतिनाला रिकाम्या हातांनी बसलेलं गावात कुणी पाहिलं नव्हतं. चर्चमध्ये प्रवचन लांबलं की तिची बोटं शालीचे सुटलेले धागे गाठत बसायची. फाटकाजवळच्या बाकावर गप्पा मारणाऱ्या बायका तिला येताना बघून घाईघाईनं हातात काहीतरी घ्यायच्या. काहीच नसलं तर शेजारणीचं पोर. "वेळ देवाचा आहे, बायांनो," ती जाता जाता म्हणायची, "आपण नुसत्या राखणदार." आणि राखणदारीण इतकी कडक, की खुद्द देवाला त्यातला थोडा हवा असता तरी आधी विचारून यावं लागलं असतं.

अशी बाई आपलं मरण दुसऱ्याच्या हाती सोपवणं शक्यच नव्हतं. दफनभूमीत नवऱ्याशेजारी तिचा क्रूस केव्हाच उभा राहिला होता. त्यावर नाव होतं, जन्माचं साल होतं, पुढे एक आडवी रेघ आणि कोरी जागा. घालून पुरायचे कपडे पेटीत इस्त्री करून ठेवलेले. राहिलं होतं ते जेवण. माणूस गेला की घरच्यांनी गावाला जेवू घालायचं, त्याच्या नावानं पांघरूण, ताट, बादली, खुर्ची वाटायची. जे इथं दिलं तेच तिकडं त्याच्यापुढे मांडलेलं असतं. ज्यांचा मुलांवर भरवसा नसतो ते हे जेवण जिवंतपणीच उरकतात. लिओंतिनाचा मुलगा डोरेल इटलीत गवंडीकाम करत होता. "येईल, मनापासून रडेल," ती म्हणायची, "पण कोबी कच्चा राहील."

तिनं शरदातला मृतांचा शनिवार धरला. त्या आठवड्यात दरीतून धुकं वर चढलं आणि उतरायचं नाव घेईना.

आता जेवणाआधी एक नियम असतो. ज्याच्या नावानं जेवण, त्यानं सगळ्यांची क्षमा मागायची आणि सगळ्यांना क्षमा करायची. मनात एक जरी गाठ राहिली तर दिलेलं पोचत नाही. लिओंतिनानं हेही काम कोबी चिरल्यासारखं सपासप केलं. बांधावरून भांडलेला शेजारी, दुधात पाणी घालणारी गवळण, नवऱ्याच्या तरुणपणातली एक बाई, सगळ्यांच्या दारात उभी राहिली, "क्षमा कर, मीही केली," म्हणाली आणि चहाला न थांबता परतली.

एकच दार राहिलं होतं, आणि ते तिच्या अंगणातून दिसत होतं. वर, टेकडीच्या उतारावर, धाकट्या बहिणीचं, इलिंकाचं.

त्यांची आई गेली तेव्हा उशाशी इलिंका होती, आणि आई मेणबत्तीशिवाय गेली. जाणाऱ्याच्या हातात पेटती मेणबत्ती द्यायची, म्हणजे त्याला पुढची वाट दिसते. ज्याला ती मिळाली नाही तो अंधारात चाचपडत राहतो, हे गावातल्या शेंबड्या पोरालाही माहीत. लिओंतिना धावत पोचली तेव्हा मेणबत्ती फडताळात होती आणि इलिंका आईचा हात धरून बसलेली. "तुला उठून एक काडी ओढता आली नाही?" लिओंतिनानं विचारलं होतं. इलिंका काही बोलली नाही. त्यानंतर दोघी बहिणी एकाच चर्चमध्ये, एकाच देवासमोर, दोन वेगवेगळ्या खांबांमागे उभ्या राहून म्हाताऱ्या झाल्या.

"मावशी, वरून निरोप आहे," शेजारची वेता कोबीची पानं सुटी करता करता म्हणाली. गावातल्या प्रत्येक मोठ्या जेवणाला हाताशी वेता हवीच. तिचे हात आणि तोंड सारख्याच वेगानं चालायचे.

"पीठ उसनं हवं असेल. नाही म्हणावं."

"पिठाचा नाही. म्हणाली, ताईला सांग, वेळ काढून ये. जेवणाच्या आधी ये, नंतर नको."

"का? नंतर काय मी बदलणार आहे?"

"ते मी कशी विचारू? आईचं काहीतरी सांगायचंय म्हणाली. दुसऱ्या कुणाला सांगायची नाही."

लिओंतिनाची सुरी क्षणभर थांबली. "इतकी वर्षं तोंड शिवून बसली, आणि माझ्या दारात गाव जेवायची वेळ आली तेव्हाच टाके उसवले होय."

"तोंड वाकडं झालंय तिचं, मावशी. एका बाजूनं पाणी गळतं पिताना. दवाखान्यात चल म्हटलं तर म्हणते, आधी ताई येऊन जाऊ दे."

"वारं लागलं असेल. गरम वीट फडक्यात बांधून धर म्हणावं." सुरी पुन्हा चालू झाली. "उद्या जाईन."

उद्या डुक्कर कापायचं होतं. परवा पाव. जाईन हा शब्द मात्र ती रोज म्हणत होती, आणि शब्द म्हटला की निम्मं काम झालं अशी तिची एरवी कधीच समजूत नसायची. दुसऱ्या कुणी असं केलं असतं तर तिनं त्याला सोलून काढलं असतं. अंगणात काही आणायला बाहेर पडली की नजर वर जायची. धुक्यातून इलिंकाच्या धुरांड्याचा धूर आधी जाड दिसायचा, मग दोऱ्यासारखा, मग ती म्हणू लागली की धुक्यात धूर कुठला दिसायला.

शुक्रवारी दुपारी फादर सिमिओन गव्हाला आशीर्वाद द्यायला आले. मृतांच्या नावानं गोड शिजवलेल्या गव्हाच्या ढिगावर अक्रोडाचा क्रूस काढला होता. प्रार्थना झाली, त्यांनी गळ्यातला विधीचा पट्टा घडी घालून खिशात ठेवला आणि विचारलं, "सगळ्यांशी मिटवलंत ना, बाई?"

"सगळ्यांशी."

"वरचंही?"

"जेवण झालं की तिचं ताट मी स्वतः घेऊन जाणार आहे, फादर."

"जेवण झालं की?" फादरांनी खिडकीबाहेर पाहिलं. "बाई, तुम्ही एक क्षण वाया घालवत नाही हे गाव जाणतं. पण इतका वेळ वाचवता, तो ठेवता कुठं?"

"कामाला लावते."

"कोणतं काम आधी, हे कोण ठरवतं?"

"मीच. दुसरं आहे कोण घरात?"

"दिवस बरे नाहीत," फादर सावकाश म्हणाले. "शहाण्या माणसानं अशा दिवसांत हात कामात गुंतलेत का हे बघू नये. जे उद्या भेटणार नाही ते आज करावं. कोबी उद्याही भेटेल."

"आणि उद्या कोबी कच्चा निघाला तर पहिलं नाक तुम्हीच मुरडाल, फादर."

कोबीच्या पानात गुंडाळलेल्या खिम्यावर फादरांचा किती जीव आहे हे सगळ्या गावाला माहीत होतं. दारातून बाहेर पडताना मात्र त्यांनी वर टेकडीकडे बघून क्रूसाची खूण केली, आणि ती लिओंतिनाला आवडली नाही.

संध्याकाळी वरून गाय हंबरायला लागली.

"धार काढली नाही वाटतं," वेता म्हणाली. "मी जाऊन येऊ?"

"तू गेलीस तर भट्टीतल्या पावाकडे कोण बघणार? आळस करत असेल. लहानपणापासून तशीच आहे."

गाय थांबायची आणि पुन्हा सुरू व्हायची. अंधार पडल्यावर लिओंतिनानं त्या बाजूची खिडकी लावून घेतली. सकाळी गाय हंबरत नव्हती. लिओंतिनानं याचा अर्थ धार निघाली असा घेतला आणि टेबलं मांडायला गेली.

दुपारी सगळं गाव अंगणात होतं. धुकं इतकं दाटलं होतं की टेबलाच्या या टोकाला बसलेल्याला त्या टोकाची माणसं धूसर दिसत होती. लिओंतिना मधोमध, नव्या काळ्या झग्यात, जिच्या नावानं जेवण तिच्या जागी बसली होती. तिनं पांघरुणं वाटली, ताटं वाटली, प्रत्येकाला मेणबत्ती लावलेला पाव दिला. घेणारा म्हणत होता, "देवाजवळ पोचो." कोबी लोण्यासारखा शिजला होता. एवढं झाल्यावर तिला वाटायला हवं होतं की आता सुटले. पण सुटल्यासारखं वाटत नव्हतं. कुणीतरी मागे उभं आहे आणि टेबलावरची जागा रिकामी व्हायची वाट बघतंय, असं वाटत होतं. दोनदा तिनं वळून पाहिलं. मागे धुकं होतं.

फादर दुसऱ्या गावच्या जेवणाला जायचं म्हणून लवकर उठले. प्लमची दारू फिरायला लागली. पहिली चूक लोहारानं केली. पेला उचलून, मेलेल्यासाठी म्हणतात ते सवयीनं म्हणाला, "देव तिला क्षमा करो." कुणीतरी त्याला कोपर मारलं, सगळे हसले, लिओंतिनाही हसली. पण अशा जेवणात माणसं काय बोलतात हे जिभेला पाठ झालेलं असतं. ताटं जसजशी रिकामी झाली तसतशी क्रियापदं आपोआप भूतकाळात सरकली.

"हाताला चव होती बाईच्या," धुक्यातल्या टोकाकडून आवाज आला.

"चव होती, आणि एक मिनिट उसंत नव्हती. माझ्या बाळंतपणात आली, सूप ठेवलं, बाळाचं तोंड न बघता गेली."

"सगळ्यांचं केलं पण तिनं."

"केलं ना. नाही कोण म्हणतंय. फक्त बहिणीपर्यंत कधी पोचली नाही. समोर तर घर."

"बहीण तिची वाट बघत होती म्हणे."

"बघत होती. आता काय उपयोग."

आता काय उपयोग. मेलेल्या माणसाला ऐकू येत नाही ते लिओंतिना आपल्या जागी बसून स्वच्छ ऐकत होती. गावानं आपल्याबद्दल शेवटी काय ठरवलंय ते कळलं होतं, त्यात तिच्या विरोधात एकच बाब होती, आणि ती कुणी खोटी म्हणू शकलं नसतं.

ती उठली.

"मावशी, कुठं?" वेता दबक्या आवाजात म्हणाली. "आज तुम्ही उठायचं नसतं. मेलेलं माणूस पंगतीतून उठतं होय?"

"मग कुणाच्या लक्षातही येणार नाही," लिओंतिना म्हणाली आणि फाटकाबाहेर पडली.

ताट न्यायचं ती विसरली. वाट चढणीची, दगडांची, आणि धुक्यात तिची तिलाच पावलं दिसत नव्हती. वर पोचली तेव्हा गाय कुंपणाला टेकून उभी होती, कास दगडासारखी तट्ट, आणि हंबरून हंबरून आवाज गेलेला. तिनं तोंड उघडलं आणि नुसती वाफ आली. घराचं दार लोटलेलं होतं. चूल गार.

इलिंका पलंगावर आडवी पडली होती, पाय खाली लोंबत होते. जिवंत होती. अर्धा चेहरा खाली ओघळलेला, एक डोळा उघडा, एक हात पांघरुणावर वळवळत होता.

लिओंतिनानं तिचे पाय उचलून वर घेतले, पांघरूण ओढलं, शेजारी बसून तो हात हातात घेतला. वाटेत तिनं ठरवलं होतं की म्हणायचं, तुला क्षमा केली. तोंडातून निघालं ते उलटंच. "मला क्षमा कर, इलिंका."

इलिंकाचे ओठ एका बाजूनं हलले. घशातून आवाज आला. शब्द झाला नाही.

"आईचं काय सांगायचं होतं गं? सांग. आता आहे मला वेळ."

पुन्हा आवाज, पुन्हा तेच. इलिंकाच्या डोळ्यातून पाणी वाहिलं आणि तिनं लिओंतिनाची बोटं इतकी घट्ट आवळली की दुखलं. जे सांगायचं होतं ते तिच्या आत शाबूत होतं, हे दिसत होतं. दार तेवढं बंद झालं होतं. काल की परवा, ते आता कोण सांगणार.

दारात धापा टाकत वेता आली. तिनं पलंगाकडे पाहिलं, क्रूसाची खूण केली आणि कुजबुजली, "मेणबत्ती काढू?"

"गाडी बोलव. दवाखान्याला फोन कर."

"इथं वर फोन लागत नाही. खाली जावं लागेल."

"मग पळ."

"मावशी, या धुक्यात गाडी कधी यायची?"

"यायची तेव्हा येईल. मी बसलेय इथं."

वेताची पावलं उतारावर विरली. लिओंतिना बसून राहिली. चूल पेटवावी असं वाटलं, पण त्यासाठी हात सोडावा लागला असता, आणि इलिंका सोडत नव्हती. मग ती बोलू लागली. काय वाटेल ते, लहानपणीच्या ओढ्याचं, दोघींत मिळून असलेल्या एका कोटाचं. इलिंकाचा श्वास जरा संथ झाला. डोळा तिच्यावर स्थिर झाला.

तेवढ्यात खालून गाणं आलं.

फादर असते तर त्यांनी थांबवलं असतं, कारण जिवंत माणसाच्या नावानं ते गाणं म्हणत नाहीत. पण प्रत्येक जेवणाच्या शेवटी तेच म्हणत आलेले गळे, त्यात दारू. ताटं संपली तसे ते उघडले. चिरंतन स्मरण राहो, पुरुषांच्या जाड आवाजात, ओढत ओढत, धुक्यातून वर. आणि मधे नाव. लिओंतिना. देवाची दासी लिओंतिना.

इलिंकानं ऐकलं. तिचा डोळा खिडकीकडे गेला. मग हळूहळू परत आला, बहिणीच्या काळ्या झग्यावर, पिठानं पांढऱ्या झालेल्या मनगटांवर, चेहऱ्यावर. बोटांची पकड सुटली. हात मागे सरकला आणि पांघरुणाखाली गेला.

"अगं, मी जिवंत आहे," लिओंतिना म्हणाली. "ती माणसं मूर्ख आहेत. हात लावून बघ."

तिनं हात पुढे केला. चढणीवरच्या धुक्यानं तो बर्फासारखा गार पडला होता. इलिंका भिंतीकडे सरकायचा प्रयत्न करत होती, आणि तिचं अर्धं अंग तिच्याबरोबर येत नव्हतं.

खाली त्यांनी गाणं पुन्हा पहिल्यापासून धरलं.

"मी तुला न्यायला आलेली नाही, इलिंका. नुसती बसायला आलेय."

असलं वाक्य लिओंतिनानं उभ्या जन्मात कुणाला म्हटलं नव्हतं, आणि तिला सगळ्यांत जास्त ओळखणाऱ्या इलिंकाला ते खरं वाटावं असं काही कारणही नव्हतं.