घरटी एक निरोगी बाई

त्यांनी माझी लघवीची पिशवी काढून स्टीलच्या ट्रेमध्ये ठेवली, तरी मला लघवी लागलेलीच होती. काढताना दुखलं नाही. तावरे नावाच्या टेक्निशियननं डब्याचं झाकण उघडावं तसं पोट उघडलं, पिशवी बाहेर घेतली, पोट मिटलं आणि ट्रे माझ्या मांडीवर दिला. पिशवी कोमट होती. उकडलेल्या वांग्याच्या सालीसारखी दिसत होती आणि मधूनच आपली आपण आक्रसत होती. माझ्याच अंगातली वस्तू, पण तिला हात लावायची मला शिसारी आली. मी ट्रे दोन बोटांनी धरला.

बाकावर आम्ही अकरा जणी होतो आणि प्रत्येकीच्या मांडीवर तिचा ट्रे होता. सगळ्या निरोगी. आजारी बाईची पिशवी तपासायची तर आधी धडधाकट पिशवीत किती मावतं ते माहीत हवं, म्हणून घरटी एक निरोगी बाई बोलावली होती. मला त्यांनी फॉर्म भरतानाच पसंत केलं.

"दिवसातून किती वेळा जाता?" तावरेंनी विचारलं होतं.

"दोनदा. सकाळी घरून निघताना आणि रात्री घरी आल्यावर."

"मधे?"

"मधे नाही."

"उत्तम," म्हणत त्यांनी माझ्या नावापुढे दोन खुणा केल्या. खोटं कशाला बोलू, मला अभिमान वाटला.

नियम सोपा होता. तावरे वरच्या बाटलीतून नळीनं पिशवीत पाणी सोडणार. पिशवी भरली की जिची तिनं मोठ्यानं "लागली" म्हणायचं. म्हटलं की चावी बंद, पिशवी रिकामी करून पोटात परत आणि बाई मोकळी. नाहीच म्हणाली तर तिच्या घरातली पुढची बाई आत बोलवायची. माझ्या घरात पुढची बाई म्हणजे माझी मयूरी, वय वर्षं तेरा. घरातल्या सगळ्या बायकांना घेऊन या, असं दवाखान्यातून आलेल्या पत्रातच होतं. ती बाहेर जिन्यात दप्तर मांडीवर घेऊन बसली होती. तिच्यापर्यंत पाळी येऊ द्यायची नाही, एवढं एकच मी ठरवून आले होते. एक शब्द तर म्हणायचा होता.

तावरे वडापाव खात होते. एका हातात वडापाव, दुसऱ्या हातानं पिशव्या दाबून बघायच्या, आणि कंटाळा आला की हात बदलायचे.

माझ्या शेजारी मंडईत पालेभाजी विकणाऱ्या हौसाबाई होत्या. त्यांच्या पिशवीत जेमतेम वाटीभर पाणी गेलं असेल, तोच त्या ओरडल्या, "लागली रं बाबा, लागली! बंद कर ती चावी, का पूर आणतोस?"

तावरेंनी चावी बंद केली आणि पिशवी मोरीवर पिळली. दोन थेंब माझ्या चपलेवर उडाले. पिशवी पोटात गेल्यावर हौसाबाईंनी लुगडं झटकलं.

"म्हणून टाक गं पोरी," त्या जाता जाता मला म्हणाल्या. "त्यात काय येवढं? मुताय कोण जात न्हाई?"

मला त्यांचीही किळस आली. चारचौघांत, पुरुषमाणसासमोर हे असलं बोलायचं! मग माझ्या नळीची चावी सुटली.

मी एकोणीस वर्षं एका साड्यांच्या दुकानात उभी आहे. तिथल्या संडासची किल्ली शेठच्या गल्ल्यावर असते, हरवू नये म्हणून वीतभर लाकडी ठोकळ्याला बांधलेली. गिऱ्हाइकांसमोरून तो ठोकळा हातात घेऊन जावं लागतं. पहिल्या वर्षी एकदा मागितली, तर शेठ गादीवर बसूनच म्हणाले, "शालनबाई, सकाळी तर गेला होता ना?" बस्त्याला आलेली आठ माणसं वळून बघायला लागली. तेव्हापासून आम्ही बायका सकाळपासून पाणीच पीत नाही. अगदीच जीव जायला आला तर एकमेकींच्या कानात म्हणतो, "जरा गोडाऊन बघून येते." तेही वर्षातून एखाद-दुसऱ्या वेळी.

ट्रे भरला. पिशवी ट्रेच्या कडेवरून ओघळून माझ्या दोन्ही गुडघ्यांवर बसली.

"लागली?" तावरेंनी विचारलं.

मी ट्रे आता दोन्ही हातांनी धरला.

पिशवी बाकावर पसरली तशा बाकीच्या बायका आपापले ट्रे उचलून भिंतीकडे सरकल्या. मग ती टेबलावर चढली. कातडी ताणून ताणून पातळ झाली आणि आतलं पिवळं पाणी दिसायला लागलं. त्यात साड्यांच्या टाचण्या तरंगत होत्या. घडी घालताना मी टाचण्या ओठांत धरते, त्यातल्या काही गेल्या असाव्यात. दुकानातल्या त्या संडासचा वास, फिनेल आणि कुजलेलं पायपुसणं, सगळ्या खोलीत भरला. पिशवीचा ओला, कोमट गाल माझ्या गालाला चिकटला. मी तोंड फिरवलं तर दुसऱ्या बाजूलाही तीच होती.

"अशी पिशवी मी बघितली नाही," तावरे स्टुलावर चढून म्हणाले. बाटली संपली होती, त्यांनी दुसरी लावली. "ताई, शेवटचं विचारतो. लागली?"

एकोणीस वर्षं लागली होती. मयूरीचे शाळेचे बूट दाराखालच्या फटीतून मला दिसत होते. मी सगळा जीव एकवटून तोंड उघडलं.

"जरा गोडाऊन बघून येते," मी म्हणाले.

"काय?"

"गोडाऊन."

"हे चालत नाही," तावरे म्हणाले आणि त्यांनी दाराकडे बघून हाक मारली, "मयूरी!"

ती पिशवी आणि भिंत यांच्यामधून अंग चोरून आत आली. हातात पाण्याची बाटली होती, सकाळी मी भरून दिली तशीच भरलेली. रोज शाळेतून तशीच परत येते. मी रोज ओरडते आणि ती रोज सांगते, "आई, तिथं दाराला कडीच नाही." मग मी तिला काय म्हणते? "बरं, घरी आल्यावर जा."

तावरेंनी बोटं चाटून पुसली, तिचं पोट उघडलं आणि पिशवी काढून नव्या ट्रेमध्ये ठेवली. आकारानं ती माझी सुरुवातीला होती तेवढीच होती. अजून नळीसुद्धा लावली नव्हती आणि ती काठोकाठ भरलेली होती.

मी "लागली" म्हणून किंचाळले. माझ्या तोंडावर माझी पिशवी होती. आवाज तिच्यातच गेला आणि आतल्या टाचण्या तेवढ्या हलल्या.

"लागली का गं?" तावरेंनी मयूरीला विचारलं.

तिनं माझ्याकडे बघितलं. मग गुडघ्यावर गुडघा चढवला, मी काउंटरमागे चढवते तसा, आणि मान हलवून नाही म्हणाली.