शिंगं बोथट उठलेलं नाणं

मित्रांनो, मी एक जुनं नाणं आहे, पण माझ्या बदल्यात आजवर कुणी मूठभर मीठसुद्धा दिलेलं नाही. मी चलनात आलोच नाही.

दूरच्या टांकसाळीत आमच्या मुलुखासाठी नवं नाणं पाडायचं ठरलं, तेव्हा नमुना म्हणून आम्ही मोजकेच पाडले गेलो. माझ्यावर हरीण आहे. त्याची शिंगं पार कडेला टेकली, ठसा नीट भरला नाही आणि ती बोथट उठली. साहेबांनी नाक मुरडलं आणि दुसरंच चित्र पसंत केलं. मी आमच्या मुलुखातल्या सेंट-लुई शहरातल्या बँकेत पडून राहिलो. पुढे तिथल्या मादिओर नावाच्या पहारेकऱ्याला कुणीतरी निरोपाची भेट म्हणून मला देऊन टाकलं.

मादिओर वारला. त्याची बायको पेंदा मला तंबाखूच्या डबीत ठेवून विसरली. फार एकटं वाटायचं हो.

मग तिच्या सुनेला, यासीनला, तिसरं बाळ झालं. आधीची दोन जगली नव्हती. आमच्याकडे अशा बाळाला मुद्दाम नकोसं करतात. पेंदाने नातीला क्षणभर उकिरड्यावर ठेवलं. शेजारीण "कुणी गं टाकलं हे?" म्हणत तिला उचलून घेऊन आली. नाव ठेवलं अमुल याकार, म्हणजे 'हिची आशाच नाही'. अशा पोरीकडे मृत्यू ढुंकूनही बघत नाही म्हणतात.

आता ताईत म्हणून तिच्या गळ्यात बांधायला नाणं हवं होतं. पेंदाने मला डबीतून काढलं, आणि नेमका त्याच दुपारी डाकारचा लाय नावाचा एक माणूस दारात आला. त्याला जुनी नाणी जमवायचा नाद. माझ्याबद्दल कुठूनसं ऐकून आला होता. भिंगाखाली धरून त्याने मला उलटसुलट पाहिलं.

"आजी, याला भोक पाडू नका. भोक पडलं की मातीमोल होईल. मागाल ते देतो."

"एवढं काय सोनं लागलंय त्याला?"

"साहेबांनी नाकारलं होतं हे. म्हणून तर दुर्मीळ."

"म्हणजे कुणालाच नको होतं?"

"कुणालाच नाही."

"मग बाबा, मी हेच तर शोधत होते. चहा घे आणि जा."

यासीनने बाळाला छातीशी घट्ट धरलं. लायने आणखी वाढवून सांगितलं, पण पेंदा बधली नाही. शेजारच्या लोहाराने माझ्यातून टोचा आरपार घातला. खरं सांगतो, दुखलं. लायने तर डोळेच मिटून घेतले.

दात येताना त्या पोरीच्या हिरड्या माझ्यावरच शिवशिवल्या. बोथट शिंगं तिने चघळून चघळून गुळगुळीत केली. मित्रांनो, माझे भाऊ कुठे मखमलीत दिसले तर त्यांना घासूपुसू नका, जपून हाताळा. आणि तुमच्या घरात कुणी नाकारलेलं काही पडलं असेल, तर त्याला डबीत विसरू नका.

परवा लाय पुन्हा आला. अमुल आता शाळेत जाते. तिच्या गळ्यातल्या मला त्याने भिंगातून पाहिलं आणि उसासा टाकला.

"आजी, आता मात्र हे खरंच कुणाला नको."

पेंदा नातीची वेणी घालत होती. हात न थांबवता म्हणाली, "जरा मोठ्याने बोल, बाबा. त्या मरणालाही ऐकू जाऊ दे."