रुमालाखाली अकरा वेळा

घोडेगावच्या बाजारात जनावराची किंमत तोंडाने बोलत नाहीत. दोघांच्या हातांवर रुमाल टाकतात आणि आत बोटं धरतात. किती बोटं, कुठल्या पेरावर, किती दाबून, ते त्या दोघांनाच कळतं. शेजारी उभ्या असलेल्या सख्ख्या भावालाही बाहेरून नुसता रुमाल हललेला दिसतो.

*

काबूल, ऑगस्ट २०२१. एक माणूस गाडीत पाण्याचे कॅन भरत होता. आभाळातून बघणाऱ्या अमेरिकनांना ती स्फोटकं वाटली. दहा जण मेले, त्यांत सात मुलं. त्यांच्या सेनापतीने आधी हल्ला न्याय्य होता म्हणून सांगितलं. अडीच आठवड्यांनी चूक झाली म्हणून सांगितलं. शिक्षा कुणालाच झाली नाही.

*

आमच्या शिवारात राजनंदिनी ड्रोनने उसावर औषध फवारते. परवा तिला पडद्यावर उसात कुणीतरी वाकलेलं दिसलं. तिने यंत्र खाली उतरवलं, बांधावर गेली आणि हाक मारली, "कोन हाय आत?" गवत कापणारी गोजरबाई होती. दोघींनी तंबाखू मळली. फवारणी पाऊण तास उशिरा झाली.

*

सातवीचा इंग्रजीचा तास. 'सस्पेक्ट' म्हणजे संशय घेणे, मी फळ्यावर लिहिलं. आणि ज्याच्यावर संशय घेतला, तोही सस्पेक्ट. ज्ञानेश्वरीने हात वर केला. "मॅडम, मग संशय घेनाऱ्याला काय म्हनत्यात?"

त्याला वेगळा शब्द नाही, मी सांगितलं. लिहून घ्या.

*

आखाड सरायच्या आत बकरं कापायचं. पुढं महिनाभर श्रावण. माणूस विमानात बसून इराकला गेला तरी हे त्याच्याबरोबर जातं.

*

माझा भाऊ अंगद इराकमधल्या एका अमेरिकन तळावर आचारी होता. सैनिकांना अंडी, बटाटे, मैद्याच्या गोल पोळ्या. बेलापूरच्या रंगनाथ एजंटने त्याला पाठवलं होतं. दोन वर्षं झाली होती. आषाढातल्या एका रविवारी, सुट्टीच्या दिवशी, तो जवळच्या गावच्या बाजारात बकरं आणायला गेला आणि तिथं वरून आलेल्या बॉम्बने मेला. त्याच्याबरोबर बकरं विकणारा मेला, विकणाऱ्याचा चुलता मेला आणि किती बकऱ्या मेल्या ते कुणी मोजलं नाही.

हे आम्हाला कोल्हारच्या ओमने कळवलं. तो अंगदच्या शेजारच्या खाटेवर झोपायचा. त्याचा आवाज मोबाईलवर अजून आहे. "ताई, आमी सात पोरं आपल्याकडची हाय. आखाड करायचा हुता. अंगद म्हनला, बकऱ्याचं मला कळतं, मी जातो. गेटवर सांगून गेल्ता ताई. वहीत नाव लिहून गेल्ता."

एकोणिसाव्या दिवशी रंगनाथ आला. पांढरी गाडी, हातात प्लॅस्टिकची फाईल, खिशात शाईचं पॅड. पॅड बघितल्यावरच मला कळलं, हा काही सांगायला आलेला नाही, घ्यायला आलेला आहे.

"भिमाजीबाबा," तो वडलांना म्हणाला, "माती तिकडं थंडगार खोलीत ठिवलेली हाय. येवढ्या कागदावर तुमचं दोघांचं झालं, की आठ दिवसांत मुंबईत उतरंल. तिथनं गाडी माझी. तुमी काय बी बघू नका."

आई उंबऱ्यात बसली होती. एकोणीस दिवसांत तिने एकच वाक्य धरलं होतं, ते ती पुन्हा म्हणाली. "मला त्याचं तोंड बघायचंय."

"व्हय मावशी. त्याच्यासाठीच तर आलोय."

"दाव इकडं," आई म्हणाली. "कुठं अंगठा करायचा?"

मी फाईल ओढून घेतली. इंग्रजीत चार पानं. रंगनाथ म्हणाला, "ताई, ते नेहमीचंच असतं. वाचायचं नसतं ते."

"मी वाचायचाच पगार घेते," मी म्हणाले.

पहिल्या पानावर लिहिलं होतं की मृत व्यक्ती परवानगीशिवाय तळाबाहेर गेली. ती 'संशयित शत्रूंच्या' संगतीत होती आणि ती स्वतःही संशयित होती. कुटुंबाला हे मान्य आहे. कुटुंब कंपनीविरुद्ध किंवा अमेरिकन सरकारविरुद्ध कुठंही, कधीही काही म्हणणार नाही. खाली दोन रेघा, बापाची आणि आईची. दोन्ही भरल्या की मग देह.

मी ते मराठीत वाचून दाखवलं. वडलांनी चेहरा तसाच ठेवला. वडील चाळीस वर्षं हेडी, म्हणजे जनावरांचे व्यापारी, होते. घोडेगाव, बेल्हे, काष्टी, सगळे जनावरांचे बाजार त्यांनी केलेले. समोरचा पहिला आकडा सांगतो तेव्हा चेहरा कसा ठेवायचा, हे त्यांना कुणी शिकवायला नको.

"संशयित म्हंजे?" आईने विचारलं.

"म्हंजे अतिरेकी असंल असं वाटलं त्यांना," मी म्हणाले.

"कुनाला?"

"वरून बघणाऱ्यांना."

"अगं, पन त्यो तर त्यांनाच जेवायला घालत हुता."

रंगनाथ मध्ये पडला. "मावशी, येवढं मोठं राष्ट्र हाय. अतिरेक्यांशी लढाई चाललीय त्यांची. सुक्याबरोबर वलं बी जळतं."

"कोन पेटवितंय?" वडील पहिल्यांदा बोलले.

रंगनाथने पॅड काढून हातात घेतलं. मग म्हणाला, "बाबा, मी बेलापूरचा मानूस. माझ्यावर नका येऊ."

*

तिसऱ्या पानावर 'घटनेचा सारांश' होता. कुणाच्या चुकीने तो जोडला गेला, की आम्हाला पटावं म्हणून मुद्दाम जोडला, ते मला माहीत नाही. मी तो जसा होता तसा सांगितला. वडील मध्ये बोलत गेले. दोन्ही इथं एकाखाली एक लिहिते.

सकाळी १०.४२. व्यक्ती क्रमांक एक आणि दोन यांनी कापडाखाली काहीतरी लपवून एकमेकांना दिलं.

वडलांनी मान वर केली. "कापडाखाली?"

"व्हय."

"म्हंजे तिकडं बी रुमालच. पुढं वाच."

१०.४३. व्यक्ती एकने हात काढून घेतला.

"एका मिनिटात सोडला. म्हंजे समोरच्यानं लई सांगितलं."

१०.४५ ते १०.५८. तसंच आणखी पाच वेळा.

"बरुबर. उतरतोय त्यो."

११.०२. व्यक्ती एक दूर गेली. इतर जनावरांची तोंडं उघडून तपासली. कारण अस्पष्ट.

"दात," वडील म्हणाले. "वय बघतोय. कारन अस्पष्ट म्हनं. भाडखाव, शेळीच्या तोंडात मानूस दुसरं काय बघंल?"

व्यक्ती एकने या काळात चार वेळा मागं वळून पाहिलं. आपल्यावर पाळत आहे का, याची ती खात्री करत असावी.

"चार वेळा?" वडील म्हणाले. "गाढव. येकदाच बघायचं असतं. चारदा बघितलं की समोरच्याला कळतं, याचं मन त्याच बकऱ्यावर हाय. किती डाव सांगितलं हुतं त्याला."

आई तोंडावर पदर धरून ऐकत होती. रंगनाथने पॅड पुन्हा खिशात घातलं होतं.

११.१९. व्यक्ती एक परत आली. कापडाखाली देवाणघेवाण पुन्हा सुरू. एकूण अकरा वेळा. परिसरात पशुधन होतं. ते आडोशासाठी वापरलं जात असावं, असा निष्कर्ष काढला.

"थांब." वडील उठून माझ्याजवळ आले. त्यांना इंग्रजी येत नाही, तरी ते त्या ओळीवर वाकले. "अकराव्या वक्ताला हात किती येळ हुता?"

मी बघितलं. "दीड मिनिट. ११.२९ ते ११.३१ च्या मधे."

"मग पटलं," वडील म्हणाले. "पटल्याबिगर येवढा येळ हात धरून ठिवत न्हाईत. सौदा झाला त्याचा. बकरं आपलं झालं हुतं."

११.३१. हल्ला.

*

शब्दार्थ. माझ्या वर्गाच्या वहीत लिहायचे नाहीत असे.

लोकशाही: जिथं तेल, गॅस किंवा रस्ता आहे तिथं विमानाने पोचवायची वस्तू.

महासंहारक शस्त्रं: दोन हजार तीन साली ज्यांच्यासाठी इराकवर चालून गेले ती. सापडली नाहीत. ज्यांनी ती आहेत म्हणून सांगितलं ते नंतर आठवणी लिहून, भाषणं देऊन सुखाने जगले.

दहशतवाद: घाबरवून माणसं मारणे. मारणाऱ्याकडे विमान नसेल तरच हा शब्द वापरावा.

अचूक: ज्या बाजारावर टाकायचा त्याच बाजारावर पडलेला.

कोणी म्हणेल, बाई, दुसऱ्या बाजूचेही बोला. दोन हजार एक साली अमेरिकेत जे दोन मनोरे पडले त्यांत मेलेल्या माणसांचं काय? बोलते. ती माणसंही सकाळी कामाला गेली होती. त्यांनाही कुणी लांबून क्रमांक दिला होता, माणूस म्हणून बघितलं नव्हतं. ज्यांनी ते केलं त्यांचा मला तितकाच संताप आहे. पण त्या सकाळचा सूड वीस-पंचवीस वर्षं ज्यांच्यावर उगवला, त्यांत लग्नाची वरात होती, पाण्याचे कॅन भरणारा होता, शेळीचे दात बघणारा माझा भाऊ होता. अतिरेकी अमेरिकनांच्या बॉम्बने संपत नाहीत. बॉम्ब पडलेल्या प्रत्येक बाजारात यांनी दोन नवे पेरलेत. एवढी साधी शेती त्यांना कळत नाही, असं मी मानत नाही. कळते. पीक त्यांना हवंच असतं.

*

रंगनाथ उभा राहिला. "बाबा, तुमचं सगळं खरं. मी बी बाजार केलाय. पन हे त्यांना कोन सांगनार? तिकडं कोन ऐकनार हाय आपलं? माती आना. अग्नी द्या. नाव काय, आपल्या गावात सगळ्यांना ठावं हाय पोरगं कसं हुतं ते."

"त्यो शबुद काढून आन," वडील म्हणाले. "मग सही करतो."

"निघत न्हाई बाबा. मी इचारलंय. काना-मात्रा बदलला तरी कागद बाद."

"मग तुझा रुमाल काढ."

रंगनाथने बघितलं. वडलांनी स्वतःच्या खांद्यावरचा रुमाल काढला, त्याचा उजवा हात धरला आणि वर रुमाल टाकला. "बोल. माझ्या पोराचं अंग द्यायला काय घेतूस? त्याचं नाव? हे येक बोट. बोल की. कुठल्या पेरावर हाय तुझं?"

रंगनाथचा हात रुमालाखाली तसाच राहिला. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, हे मी लिहून ठेवते, कारण तो वाईट माणूस नव्हता. ते कागद लिहिणारेही बहुधा वाईट नसतील. संध्याकाळी घरी जाऊन मुलांचा गृहपाठ घेत असतील. माझा राग त्याने कमी होत नाही, वाढतो.

"सोड त्याला," आई म्हणाली. "पॅड आन रे इकडं."

मी म्हणाले, "आई, तुला कळलं का त्यात काय लिहिलंय?"

"कळलं. मी बी ऐकलं सगळं." तिने अंगठा पॅडवर दाबला. पहिलं पान तिने मांडीवर घेतलं. वडील भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. दोघांच्या अठ्ठेचाळीस वर्षांच्या संसारात मी त्यांना एकमेकांकडे पाठ केलेलं पहिल्यांदा बघत होते.

"आरते," आई मला म्हणाली, "त्यो शबुद कुठला? दाव मला."

"कुठला?"

"त्यो. अंगदला म्हनलेला."

मी बोट ठेवलं. सहाव्या ओळीत, मधोमध.

"मावशी, हितं न्हाई," रंगनाथ म्हणाला, "खाली, रेघंवर."

आईने अंगठा त्या शब्दावर ठेवला आणि सगळं वजन त्यावर दिलं. कागद मांडीत दबला. बराच वेळ तिने उचलला नाही. उचलला तेव्हा तिथं काळ्या शाईचे वळसे होते, खालचं अक्षर वाचता येत नव्हतं.

"मावशी, बाद झाला की हो कागद."

"व्हऊ दे."

"माती याची न्हाई मग. तुमालाच बघायचं हुतं न्हवं तोंड?"

"मीच पाजलंय त्याला," आई म्हणाली. "तोंड माझ्या ध्येनात हाय. तुजा कागद घेऊन जा."

पान त्याने फाईलमध्ये घातलं नाही. ओली शाई दुसऱ्या पानांना लागेल म्हणून हातातच धरून गाडीपर्यंत गेला.

ते पान त्याने वर पाठवलं. नवा कागद आला नाही. देह आला नाही. मी सात ठिकाणी अर्ज केले. दोन ठिकाणांहून उत्तर आलं की प्रकरण संबंधित विभागाकडे आहे. आई कुणी विचारलं तर सांगते, माझं लेकरू बकरं घ्यायला गेलं आणि सौदा करून मेलं. 'वारलं' म्हणत नाही. 'मारलं' म्हणते, आणि कोणी ते नाव घेऊन सांगते.

अंगद नगरला तीन वेळा सैन्यभरतीला धावला होता, आणि तिसऱ्या वेळी तो उंचीत अर्धा सेंटिमीटर कमी भरला, म्हणून दुसऱ्यांच्या सैन्याचा आचारी झाला.