भोकं नसलेला डबा

शेवटचा साधा दिवस विजेच्या सामानाच्या दुकानात गेला. तो शेवटचा आहे हे दोघांनाही ठाऊक नसल्यामुळे बापलेक मनसोक्त भांडले.

वडील माईकवाले. उघड्या मैदानावरच्या कार्यक्रमांना आवाज पुरवायचा हा त्यांचा आयुष्यभराचा धंदा. शाळांच्या शर्यती, उद्यानातल्या सभा, पोहण्याच्या स्पर्धा. सामान म्हणजे दोन कर्णे, अँप्लिफायर, माईक, वायरींची भेंडोळी आणि लांब कोपऱ्यात धडधडणारा जुना जनरेटर. त्या जनरेटरला घरात सगळे 'सवत' म्हणायचे. नाव अर्थातच आईनं ठेवलेलं. पाऊस आला की वडील एकुलती एक छत्री सवतीवर धरून स्वतः भिजत उभे राहायचे, आणि घरी आल्यावर आई टॉवेल अंगावर भिरकावत विचारायची, "ती कोरडी आहे ना? मग झालं तर."

पण मुलींच्या शाळेच्या मैदानाला लागून नवं इस्पितळ उभं राहिलं आणि मोठ्या बाईंनी निरोप धाडला की यंदाच्या शर्यतींना कर्ण्यांची तोंडं शाळेकडे हवीत आणि जनरेटर तर मुळीच नको. शाळेतून वायर ओढावी तर मध्ये रस्ता. तेव्हा बॅटरीवर चालणारं, पावसापाण्यात टिकणारं काहीतरी आणायचं ठरलं.

"पॉवर स्टेशन म्हणतात त्याला," मुलगी म्हणाली.

"स्टेशन कसलं? डबा आहे, डबा," वडील म्हणाले.

दुकानातल्या विक्रेत्यानं दोन डबे समोर मांडले. एक मोठा, काळा, दोन्ही बाजूंना जाळ्या असलेला. दुसरा नारिंगी, त्याच्या निम्मा, ठोकळ्यासारखा बंद.

"काका, हा काळा घ्या. पूर्ण वॉटरप्रूफ. झाकण लावलं की आत थेंब जाणार नाही."

"आणि झाकण लावल्यावर वायर कुठून काढू? तुमच्या कानातून?"

विक्रेता ओशाळून हसला. मुलगी एव्हाना माहितीपत्रक वाचायला लागली होती. छापील मजकूर दिसला की शेवटच्या ओळीपर्यंत वाचल्याशिवाय तिला राहवत नसे. पुस्तकं तपासण्याची नोकरी करून करून तो स्वभावच झाला होता. "बाबा, हा मोठा दिवसभर चालेल. छोटा दुपारीच मान टाकेल."

"मोठ्याला भोकं आहेत."

"त्या जाळ्या आहेत. आत पंखा आहे."

"तेच म्हणतोय. हवा जाते तिथून पाणीही जातं." त्यांनी चालू ठेवलेल्या काळ्या डब्याला कान लावला. "शिवाय धापा टाकतो हा. सवत परवडली."

"तुम्हाला ऐकू येतोय तो पंखा?" तिनं टोमणा मारला. हल्ली घरातली बेलसुद्धा त्यांना ऐकू येत नसे.

"मला नको ते बरोबर ऐकू येतं," ते म्हणाले आणि काळा डबा उचलून पाहिला. लगेच खाली ठेवला. मग नारिंगी उचलला, एका हातानं, आणि दुकानात दोन येरझाऱ्या घालून आले. तो खाली ठेवल्यावरही काळ्यानं दुखावलेलं मनगट चोळत होते. ते तिनं पाहिलं, पण तेव्हा तिचं लक्ष आकड्यांत होतं.

"तुम्ही दिवे लागेपर्यंत मैदानात असता. मोठाच लागेल."

त्यांनी मनगटावरचा हात काढला. मग म्हणाले, "बरं बाई. तुझा मोठा. उद्या आणू."

विक्रेत्याला त्यांनी 'येतो हं' म्हटलं. वाटेत तिला उसाचा रस पाजला, स्वतः घेतला नाही, आणि घरी जाऊन आईला सांगितलं, "तुझ्या लेकीनं मला हरवलं."

"कुणीतरी हरवायला हवंच होतं," आई म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचा चहा गार होऊन गेला तरी ते उठले नाहीत.

त्यानंतर घरात माणसंच माणसं. येणारा प्रत्येक जण तेच विचारायचा, आणि आई प्रत्येकाला पहिल्यापासून सांगायची. मुलगी चहा करत राहिली. कपबश्या विसळून विसळून तिच्या बोटांची कातडी सुरकुतली. रडू येईल म्हणून ती वाट पाहत होती, पण येत होती ती नुसती झोप, आणि झोपलं की तीही येत नव्हती. सगळे हळू बोलत होते. वडिलांना हे मुळीच खपलं नसतं. हळू बोलणाऱ्याला ते नेहमी म्हणत, "मागच्या रांगेला काय कळणार?"

मग मोठ्या बाईंचा फोन आला. "अगं, तू त्रास करून घेऊ नकोस. शर्यतींना आम्ही दुसरा कुणीतरी बघतो."

"नको," ती म्हणाली. आपण काय बोलतोय हे तिलाच उशिरा कळलं. "बाबांनी घेतलेलं काम आहे. मी येते."

फोन ठेवल्यावर आई दारात उभी. "तुला जमणार आहे ते?"

"वायरी जोडता येतात मला."

"वायरींचं नाही विचारत मी."

ती एकटीच दुकानात गेली. विक्रेत्यानं तिला ओळखलं, तिच्या मागे दाराकडे नजर टाकली, आणि मग त्याचं त्याला काय समजायचं ते समजलं. त्यानं काही विचारलं नाही याबद्दल तिला इतकं बरं वाटलं की ती तिथल्या खोक्यावरच बसली.

"काळाच ना, ताई? ठरला होता."

"हो."

त्यानं डबा पुढे सरकवला. तिनं तो उचलला. दारापर्यंत जाईतो मनगटात कळ आली. तिनं डबा उंबऱ्याशी टेकवला आणि मनगट चोळलं.

तसंच चोळलं. अगदी तसंच.

दिवे लागेपर्यंत मैदानात असणारे वडील तिच्या लहानपणचे होते. अलीकडे ते फक्त सकाळची कामं घेत. जेवायला घरी येत, आणि मग खुर्चीत डोळे मिटून बसत. तिनं हिशेब मांडला होता तो त्या जुन्या, धिप्पाड माणसाचा. आणि त्यांनी तिला चुकीची ठरवण्यापेक्षा मोठा डबा पत्करला होता.

"ताई, गाडीत ठेवून देऊ?"

"नको. दुसरा द्या. भोकं नसलेला."

शर्यतींच्या सकाळी आभाळ दाटलेलं आणि बारीक भुरभुर. मैदानावर अजून कुणी आलं नव्हतं. आई बरोबर आली होती. आजवर ती एकाही मैदानावर आली नव्हती, सवतीच्या घरी कोण जातं, असं म्हणायची. आता छत्री घेऊन उभी होती आणि ती डब्यावर धरू की लेकीवर, असा तिला प्रश्न पडला होता.

"त्याला नको, आई. तो भिजला तरी चालतो."

"मग ह्यांनी हा आधी का नाही आणला?" आईचा आवाज चिरकला. तिनं छत्री स्वतःच्या डोक्यावर घेतली.

मुलीनं खांबाला कर्णे बांधले, तोंडं शाळेकडे फिरवली. वायर डब्यात खोचली, बटण दाबलं. काहीच झालं नाही. ना धडधड, ना थरथर. नुसता एक हिरवा ठिपका. सवयीनं तिनं लांबच्या कोपऱ्याकडे वळून पाहिलं. धडधड असली की वडील कुठेतरी आसपास आहेत, असंच तिला आजवर वाटत आलं होतं.

आता चाचणी. शाळेतल्या मुली वडिलांना 'हॅलोकाका' म्हणत, ही मोठीच गंमत, कारण माईकवर कुणी 'हॅलो' म्हटलेलं त्यांना चालत नसे. "हॅलो काय, भिंतीलाही ऐकू जातं. खरं बोलताना माणसाचा आवाज खाली येतो. तो त्या टोकाला पोचला तर माईक चांगला. तेव्हा खरं काहीतरी बोल." आणि स्वतः मैदानाच्या टोकाला जाऊन उभे राहत. लहानपणी ती बोलायची: मला भागाकार येत नाही. मी आईचा आरसा फोडला. तिकडून हात वर व्हायचा. मोठी झाल्यावर ती पुस्तकांतली वाक्यं म्हणू लागली, सुरेख, घोटलेली. तेव्हा ते दोन्ही हात हलवून नाही म्हणत. दुसऱ्याचं नको. मग ती वैतागून म्हणायची, "मला कंटाळा आलाय तुमच्या मैदानांचा!" आणि हात वर व्हायचा.

"आई, तू तिकडे शाळेकडच्या भिंतीपाशी जा. शब्द कळले की हात वर कर."

आई चिखल चुकवत चालत गेली. फार वेळ लागला तिला. टोकाला पोचून वळली.

मुलीनं माईक तोंडाजवळ नेला. "आवाज येतोय का?"

"काय?" आई तिकडून ओरडली.

"आवाज, आवाज! येतोय का?"

आईनं दोन्ही हात हलवले, छत्रीसकट. येत नव्हता, की हे नको म्हणत होती, कोण जाणे. तिला खुणा कुठे माहीत होत्या.

पावसाचे थेंब नारिंगी डब्यावरून ओघळत होते. हिरवा ठिपका तसाच होता. मुलीनं माईक दोन्ही हातांनी धरला. या खेपेला तिचा आवाज खाली आला, आणि कर्ण्यांनी तो उचलून रिकाम्या मैदानावर पसरला.

"बाबा, मला कंटाळा कधीच आला नव्हता. तुम्ही सामान भरायला लागलात की मी आधीच चपला घालून बसलेली असायचे. मला तुमच्याबरोबर यायचंच असायचं."