फळ्या शाबूत

उगमबाईंनी पाण्याची कळशी उचलली, कमरेपर्यंत आणली आणि तिथूनच परत खाली ठेवली. पाणी हिंदकळून पायांवर आलं. रोज एका हाताने कट्ट्यावर चढणारी कळशी आज दोन्ही हातांनाही दाद देईना. त्यांनी आजूबाजूला पाहिलं. स्वयंपाकघरात कुणी नव्हतं. मग पदराने पाय पुसून त्या जणू काही झालंच नाही अशा पाटावर जाऊन बसल्या.

अठाईचा पाचवा दिवस होता. पर्युषणाचे आठ दिवस अन्नाचा कण नाही. उकळून गार केलेलं पाणी प्यायचं, तेही दिवस असेपर्यंतच. मागच्या खेपेला उगमबाई याच दिवशी कोसळल्या होत्या. नवऱ्यासाठी फुलका फुगवत असताना चुलीपाशीच डोळ्यांपुढे अंधारी आली, आणि शुद्ध आली तेव्हा हाताला सलाइन लावलेलं होतं. अठाई मोडली. स्थानकात, म्हणजे जैनांच्या प्रार्थनास्थळी, पुढे कितीतरी दिवस बायका त्यांच्याकडे हळहळत पाहायच्या, आणि ते हळहळणं त्यांना सलाइनच्या सुईपेक्षा जास्त टोचायचं. यंदा साठी उलटली होती. आता झाली तर झाली, पुढे अंग साथ देईल याचा काय भरवसा, असं म्हणून त्यांनी पुन्हा कंबर कसली होती.

पोपटलाल शेठनी फारसा विरोध केला नाही. फक्त पहिल्याच दिवशी जाहीर केलं,

"या वेळी माझं ताट तुझ्यासमोर नको. सूनबाई, माझा डबा खाली दुकानात पाठवत जा. दोन्ही वेळचा."

घर वर आणि कापडाचं दुकान खाली, त्यामुळे डब्याला जिना तेवढा उतरायचा होता. जुन्नरच्या बाजारगल्लीत शेठांच्या खाण्याची ख्याती होती. पर्युषणाच्या शेवटच्या दिवसाचा, संवत्सरीचा एक उपवास सगळा समाज करतो, तोही त्यांना फुटाण्याची गाडी दिसेपर्यंतच जमायचा. एका वर्षी भर स्थानकात उपवासाचं पच्चक्खाण घेऊन, म्हणजे साध्वी महासतीजींसमोर हात जोडून नेम घेऊन, ते दुपारी गोदामात शेव खाताना सापडले होते. तेव्हापासून गल्लीतलं शेंबडं पोरही त्यांना विचारायचं, "शेठ, उपवास का?" शेठ स्वतःच सगळ्यांत मोठ्याने हसायचे.

नात रिद्धी पुण्याहून सुट्टीला आली होती. ती डॉक्टरकीच्या दुसऱ्या वर्षाला होती, आणि दुसऱ्या वर्षात माणसाला सगळंच ठाऊक असतं. तिसऱ्या दिवशीच तिने दादीची नाडी पाहिली, जीभ पाहिली, पोटरी दाबून पाहिली.

"दादी, आधी शरीर रक्तातली साखर वापरतं. मग लिव्हरमधला साठा. तो एका दिवसात संपतो. मग चरबी जळायला लागते, आणि तिच्याबरोबर थोडे थोडे स्नायूही. म्हणून हातापायांतलं बळ गेल्यासारखं वाटतं."

"म्हणजे आधी गल्ला," पोपटलाल दारातून म्हणाले, "मग गोदामातला माल, आणि शेवटी दुकानाच्या फळ्याच विकायला काढायच्या."

"तसंच काहीसं. पण शरीर शहाणं असतं, दादाजी. चरबीवर चालायला लागलं की ते फळ्या जपून वापरतं."

त्या दिवसापासून शेठना नवा चाळा मिळाला. लोक तपस्विनीला सुखसाता, म्हणजे खुशाली, विचारायचे. हे संध्याकाळी वर आले की विचारायचे,

"काय, फळ्या शाबूत?"

"शाबूत," उगमबाई म्हणायच्या. त्यांना हसू यायचं. त्यांच्या दिवसातला तोच एक खमंग घास होता.

सकाळ-संध्याकाळ सामायिकाला, घडीभराच्या ध्यानाला, बसताना त्या तोंडावर मुहपत्ती बांधायच्या. पांढऱ्या कापडाची ती चौकोनी घडी, कानांमागून दोरा. तिसऱ्या दिवसापासून त्या घडीतून त्यांना आपल्याच श्वासाचा वास येऊ लागला होता. गोडसर, उग्र, पिकून काळ्या पडलेल्या केळ्यासारखा. त्यांनी लाजत रिद्धीला विचारलं.

"तो चरबी जळल्याचा वास," रिद्धी म्हणाली. "खोटा उपवास करणाऱ्याला तो येतच नाही. आणि ऐक, पारण्याला एकदम खायचं नाही हं. दोन चमचे घ्यायचे, थांबायचं, मग आणखी दोन. पोट आणि अंग दोन्ही जागं व्हायला वेळ लागतो."

सहाव्या दिवशी बाजार होता. पिंपरी पेंढारच्या साळुबाई बाजार आटोपून साता विचारायला वर आल्या. लेकीच्या लग्नाचा बस्ता याच दुकानातून बांधला, तेव्हापासूनची ही मैत्री. त्यांनी उगमबाईंचा हात हातात घेतला आणि उलटासुलटा करून पाहिला.

"भाभी, लई वाळला वं तुमी. आमचं बरं हाय. एकादस धरली की सकाळी साबुदाना, दुपारी भगर, सांजच्याला शेंगदान्याचा लाडू. उपास सुटला की उलट हलकं वाटतं."

उगमबाई हसल्या. हसताना बरगड्या दुखल्या.

"आन त्यो तुमच्या दुकानातला कुंडलिक बगितला का?" साळुबाई म्हणाल्या. "भाभी उपाशी, आन गडी सुटलाय! सदऱ्याची गुंडी लागंना त्याची. म्या म्हन्लं, का रं, सासुरवाडीला गेल्ता का? तर नुसता दात काढतोय."

"शेठांचं खाली काय चाललंय, ते सांग. मला जिना उतरवत नाही."

"शेठ व्हय? थान काढाया शिडीवर चढले, तर मधीच बसून ऱ्हायले. म्हन्ले, गुडगा धरला. वय झालं म्हनायचं, आनखी काय!"

साळुबाई एसटी गाठायला निघून गेल्या. संध्याकाळी प्रतिक्रमणाला, दिवसभराच्या दोषांची क्षमा मागायला, वाकताना उगमबाईंच्या दोन्ही पोटऱ्यांत गोळे आले. तोंडावर मुहपत्ती होती म्हणून बरं, नाहीतर ओरडणं बाहेर पडलं असतं. सूनबाईने पोटऱ्या चोळल्या. गोळे गेले, पण धीरही गेला. भिंतीला टेकून बसल्या बसल्या त्यांनी मनाशी ठरवून टाकलं. झाले तेवढे पुष्कळ झाले. उद्या सकाळी पच्चक्खाण घ्यायचं नाही, मुगाचं पाणी प्यायचं. अठाई आपल्या कपाळात नाही. ठरवल्यावर त्यांना हलकं वाटायला हवं होतं. तसं वाटलं नाही, रडू मात्र आलं.

पोपटलाल स्थानकातून आले. आपली मुहपत्ती सोडून त्यांनी खिडकीत ठेवली.

"फळ्या शाबूत?"

उगमबाईंनी या वेळी तोंड भिंतीकडे वळवलं. शेठ भिंतीला हात लावत आतल्या खोलीत गेले.

डोळे पुसून उगमबाई माळ जपायला बसल्या. हात लांबवून खिडकीतली मुहपत्ती घेतली आणि तोंडावर बांधली. तोच वास आला. गोडसर, उग्र, केळ्याचा. त्यांनी माळेचे दोन मणी ओढले आणि थांबल्या. त्यांची स्वतःची मुहपत्ती मांडीवर होती. पोटऱ्या चोळताना सूनबाईने सोडून ठेवलेली.

त्यांनी बांधलेली घडी सोडली, पुन्हा नाकाशी नेली. दोरा लांब होता, शेठांच्या मोठ्या कानांच्या मापाचा.

मग एकेक गोष्ट आपोआप जागेवर बसू लागली. खोकल्याचं निमित्त सांगून माणूस चार दिवस त्यांच्याच भांड्यातलं उकळलेलं पाणी पीत होता. श्रावण सरून भादवा लागलेला, उकाड्याने सगळे हैराण, आणि हा रात्री घोंगडी मागत होता. कुंडलिकाच्या सदऱ्याची गुंडी लागत नव्हती.

"अहो," त्यांनी हाक मारली. "जेवण झालं?"

"झालं की दिवसाउजेडी," आतून आवाज आला. "गट्ट्याची भाजी फक्कड झाली होती."

सूनबाई दारात उभी होती. तिच्या कपाळाला आठ्या पडल्या. "गट्टे? मी तर दाणामेथीची भाजी पाठवली होती..."

उगमबाईंनी ओठांवर बोट ठेवलं. सूनबाईला काही कळलं नाही, पण ती तशीच स्वयंपाकघरात परतली.

महासतीजी नेहमी सांगत, पच्चक्खाणाशिवाय काढलेला उपवास म्हणजे नुसती उपासमार. त्याचं पुण्य लागत नाही, कुठे जमा होत नाही. उगमबाईंना हे लहानपणापासून पाठ होतं. आणि हा फुटाणे पाहून पाघळणारा माणूस, एकदा नेम मोडून गावाचं हसू झाला म्हणून परत नेम न घेता, कुणाला न सांगता, काहीही जमा होणार नाही हे ठाऊक असून खाली शिडीवर उपाशी बसत होता. उगमबाईंना त्याचा राग आला. मग इतकी माया दाटून आली की त्यांनी दोन्ही मुहपत्त्या ओंजळीत धरल्या आणि तशाच बसून राहिल्या.

सकाळी त्या सगळ्यांच्या आधी उठल्या.

"मला स्थानकापर्यंत धरून न्या," त्या शेठना म्हणाल्या. "एकटीला जमायचं नाही."

गल्लीतून दोघं हळूहळू गेली. कोण कुणाला धरतंय हे पाहणाऱ्याला सांगता आलं नसतं. स्थानकात महासतीजींसमोर त्या उभ्या राहिल्या. शेठनी दोन्ही हातांनी त्यांचा दंड धरला होता. महासतीजी पच्चक्खाण द्यायला लागणार तोच त्या म्हणाल्या,

"सोडा. मी राहते उभी."

शेठनी दंड सोडला. मोकळ्या झालेल्या हातांचं काय करावं हे त्यांना सुचेना. मग त्यांनी ते जोडले. उगमबाईंनी तिरक्या नजरेने तेवढं पाहिलं आणि डोळे मिटले. दुसऱ्या दिवशीही त्यांना दंडाला धरणारं कुणीतरी लागलं, आणि ऐन वेळी त्यांनी "सोडा" म्हटलं.

पारण्याच्या सकाळी घर माणसांनी फुललं. आदल्या रात्री गाणी म्हणून बायकांचे घसे बसले होते, तरी बडबड थांबत नव्हती. साळुबाई पहिल्या एसटीने आल्या होत्या. उगमबाईंना पाटावर बसवलं, चांदीच्या वाटीत मुगाचं पाणी आलं. पहिला चमचा कुणी पाजायचा यावरून सुनेत आणि नातीत प्रेमाचं भांडण झालं. कुंडलिक दारात उभा राहून शेठांकडे पाहत होता.

उगमबाईंनी वाटी आपल्याच हातात घेतली. चमचा भरला, त्यावर फुंकर घातली आणि शेजारी बसलेल्या पोपटलालांच्या तोंडापुढे धरला.

घरात हशा पिकला.

"घ्या!" साळुबाईंनी गालावर हात ठेवला. "आठ दिस उपाशी भाभी, आन पयला घास शेठला! लई भूक लागली व्हती जनू!"

पोपटलाल चमच्याकडे पाहत राहिले. नेहमी सगळ्यांत आधी हसणारा माणूस आज हसला नाही. त्यांनी तोंड उघडलं, घोट घेतला. लगेच त्यांचा हात वाटीकडे गेला.

उगमबाईंनी वाटी मागे घेतली.

"सावकाश," त्या म्हणाल्या. "पारण्याला एकदम खायचं नसतं."

लोक पुन्हा हसले. रिद्धी मात्र हसता हसता थांबली आणि दादाजींच्या वाळलेल्या मनगटाकडे पाहू लागली.

उगमबाईंनी दुसरा चमचा स्वतः घेतला. अळणी मुगाच्या पाण्याला इतकी चव असते हे त्या विसरूनच गेल्या होत्या. मग त्यांनी तिसरा भरला, शेठांकडे वाकल्या आणि फक्त त्यांनाच ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं,

"फळ्या शाबूत?"

शेठनी उपरण्याच्या टोकाने डोळे पुसले, आणि शहाण्या मुलासारखं तोंड उघडलं.