उणे सहा

माणसाच्या शरीरात निम्म्याहून जास्त पाणी असतं आणि वायफायला पाणी मानवत नाही, हे मला कॉलेजात कुणी शिकवलं नाही. ते मी नेट दुरुस्तीसाठी लोकांच्या घरांतून फोन हातात धरून फिरता फिरता शिकलो. फोनवर एक साधं मीटर असतं. सिग्नल किती पोचतोय ते उण्या आकड्यांत दाखवतं, शून्याच्या जितकं जवळ तितकं चांगलं. राउटर आणि फोन यांच्या मध्ये माणूस येऊन उभा राहिला की आकडा सहाने पडतो. कधी पाचने, कधी सातने, पण पडतोच, आणि माणूस बाजूला झाला की पुन्हा चढतो. गिऱ्हाइकांना मी हे मुद्दाम करून दाखवायचो. नेट ही पाण्याच्या नळासारखी गोष्ट आहे, ती घरातल्या प्रत्येक माणसापर्यंत पोचलीच पाहिजे, असंही मी तेव्हा ऐकेल त्याला सांगायचो. आमचे मालक म्हणायचे, "भाषण झालं असेल तर शिडी उचल."

त्या घरात खाली कपडे शिवायचं दुकान होतं आणि वर तीन खोल्या. दुकान घरातल्या सासूबाईंचं, त्यांना मी काकू म्हणालो. शिलाई मशीनवर काकू, काउंटरवर त्यांचा मुलगा आणि काउंटरमागच्या फळीवर, कापडाच्या चिंध्यांत अर्धा बुडालेला राउटर. तक्रार मात्र त्याच्या बायकोची, सुनेची होती. वरच्या मागच्या खोलीत बसून ती कुठल्याशा हॉस्पिटलातल्या डॉक्टरांचं बोलणं कानाला लावून रिपोर्ट टाइप करायची, आणि रोज अकराच्या सुमारास तिचं नेट तुटायचं.

"दोनदा ताकीद मिळालीय," जिना चढता चढता ती हळूच म्हणाली. "आता पुन्हा काम अर्धवट राहिलं तर काढतील. माझं स्वतःचं म्हणावं असं तेवढंच आहे हो, दादा."

कारण शोधायला मला पाच मिनिटंही लागली नाहीत. अकराला काकू इस्त्री काढायच्या आणि बोर्डावर जागा नसल्यामुळे राउटरचा प्लग उपटून इस्त्रीचा लावायच्या.

"काकू, हा प्लग काढू नका," मी म्हणालो. "वर काम चालू असतं."

"वर? त्या वेळेला वर कोणी नसतं."

सून त्यांच्या मागे हातभर अंतरावर चहाचे कप घेऊन उभी होती. मला वाटलं, टोमणा आहे. आणि सासू-सुनेच्या भांडणात तिसऱ्याने पडू नये इतपत शहाणपण मला होतं. पण टोमणा मारणारा माणूस तो लागला की नाही ते डोळ्यांच्या कोपऱ्यातून बघतो. काकूंनी बघितलं नाही. त्या सुईत दोरा ओवत होत्या, आणि ट्रेमधला कप त्यांनी मागे न वळता, फळीवरून उचलावा तसा उचलला.

वातावरण हलकं करायला मी माझा नेहमीचा खेळ दाखवला. काकू मध्ये आल्या, आकडा सातने पडला.

"बघा, काकूंना ओलांडून जायची सिग्नलचीही छाती नाही."

"घरात तरी कुणाची आहे?" मुलगा म्हणाला, आणि काकू हसल्या. मग तो मध्ये आला, सहा.

वर गेल्यावर सुनेला मी तिच्या खुर्चीत बसवलं आणि फोन घेऊन खिडकीकडे उभा राहिलो, म्हणजे सिग्नल जिन्यातून येऊन तिच्यातूनच माझ्यापर्यंत पोचेल. उणे बावन्न. तिला उठून बाजूला व्हायला सांगितलं. उणे बावन्न. पुन्हा बसवलं, उभं केलं, अगदी फोनला पाठ टेकवून उभं राहायला सांगितलं. आकडा ढिम्म हलला नाही. मीटर अडकलं असेल म्हणून दुसरा फोन काढला, त्यावरही तेच. शेवटी माझा मीच मध्ये गेलो आणि तिच्या हातात फोन दिला.

"आता किती?"

"अठ्ठावन्न."

"तुम्ही मध्ये असताना फरक पडत नाहीये," मी म्हणालो.

"हो, नसेल पडत." बाहेर ऊन आहे असं सांगावं तशा सुरात ती बोलली. "परवा अकराला मी खाली जाऊन प्लगच्या पुढ्यात उभी राहिले होते. त्यांनी माझ्या मागे हात घालून काढला."

भिंतीवरून सिग्नल परतत असेल, खिडकीची जाळी लोखंडी असेल, अशी कारणं मी स्वतःला भराभर देऊन टाकली. खरं तर मला राग आला होता, आणि राग आला की मला विचार करायला वेळ नसतो. उपाय सरळ होता: भिंतीतून एक केबल वर आणायची आणि तिच्या खोलीत तिच्याच प्लगवर राउटरचं वेगळं खोकं बसवायचं. खाली मुलाने ऐकून घेतलं आणि नकारार्थी मान हलवली. भिंतीला भोक नको, नवा रंग दिलाय. मी पुन्हा वर गेलो.

"सोमवारी दुकान बंद असतं ना? मी येतो. भोक मी पाडतो, बोलणी मी खातो. घरात नेट मिळणं हा तुमचा हक्क आहे."

ती पहिल्यांदाच हसली. "नक्की ना? मी तोवर कसंही निभावते."

काम झाल्यावर फोनवरचा फॉर्म भरायचा असतो. 'घरची माणसं प्लग काढतात' असा पर्याय त्यात नव्हता. मी 'समस्या आढळली नाही' वर बोट ठेवलं, सही केली आणि पुढच्या पत्त्यावर निघालो.

सोमवारी एका दंतवैद्याच्या दवाखान्यातलं सगळं नेट बंद पडलं. मी शिडीवर, तोंडात स्क्रू, आणि खिशातला फोन तीनदा थरथरला. संध्याकाळी तिचं नाव बघितलं. उद्या करू म्हटलं. दुसऱ्या दिवशी एक व्यायामशाळा, तिसऱ्या दिवशी शिकवणीचे वर्ग. मी विसरलो असतो तर आज ते मनाला थोडं कमी बोचलं असतं, पण मी विसरलो नव्हतो. रोज आठवण व्हायची, आणि ज्या माणसाची वाट बघायची तयारी असते त्याला आपण थांबवतो, तसं मी तिला रोज एक दिवस थांबवत गेलो.

तीन आठवड्यांनी त्याच पत्त्यावरून तक्रार आली, या वेळी मुलाच्या नावाने. वरची मागची खोली आता कापडाच्या गठ्ठ्यांसाठी वापरायची होती, तिथे कॅमेरा लावायचा होता आणि कॅमेऱ्याला सिग्नल मिळत नव्हता.

"वहिनी कुठे बसतात मग आता?" मी विचारलं.

"ती नाही इथे," मुलगा म्हणाला. "नोकरी सुटली तिची. मग गेली."

"कुठे?"

"माहेरी असेल," काकू मशीनवरून म्हणाल्या.

"तिकडे नाही, असं म्हणाले तिच्या माहेरचे," मुलगा म्हणाला. दुकानात नसलेल्या मापाच्या गुंडीबद्दल बोलावं तितक्याच काळजीने.

"कधी गेल्या?"

दोघांनी एकमेकांकडे बघितलं. त्यांना खरोखरच दिवस सांगता येईना. "कळलंच नाही पटकन," काकू म्हणाल्या. "चहा आला नाही तेव्हा लक्षात आलं."

"चौकशी करायला नको का?"

"करू की. आधी तू ते वरचं बघ."

वरची खोली गठ्ठ्यांनी निम्मी भरली होती. खुर्ची मात्र खिडकीशी होती तिथेच होती, मोकळी. मी दारातून आत आलो. उणे बावन्न, अगदी पहिल्यासारखं. खुर्चीच्या पलीकडे गेलो आणि आकडा अठ्ठावन्नावर आला. एक पाऊल डावीकडे, बावन्न. परत, अठ्ठावन्न. फोन खाली नेला, वर नेला, आणि मध्ये जे होतं त्याची बाह्यरेषा हळूहळू माझ्या हाताला कळू लागली: जमिनीपासून छातीपर्यंत आकडा पडायचा, त्याच्यावर डोक्याएवढ्या जागेत पडायचा, आणि त्याच्याही वर मोकळं. मी खुर्ची उचलून दाराबाहेर ठेवली. आकडा होता तिथेच पडत राहिला.

मुलगा जिन्यावर येऊन उभा होता. "काय अडतंय तिथे?"

तेव्हा मला सांगता आलं असतं. मीटर हातात होतं, त्याला मध्ये उभं करून त्याचे सहा आणि हे सहा शेजारी शेजारी दाखवता आले असते. मी घाबरलो होतो हे खरं, पण त्याहून खरं हे की सांगितलं असतं तर सोमवारचंही सांगावं लागलं असतं.

"केबल टाकावी लागेल," मी म्हणालो. "भिंतीला भोक पडेल."

"पाड की. कॅमेऱ्याचं काम आहे."

वरातीमागून घोडं. मी ड्रिल लावलं, नव्या रंगावरून लाल भुकटी ओघळली. केबल वर आली. तिच्या प्लगवर, तिला सांगितलं होतं तिथेच, मी खोकं बसवलं. त्याचा हिरवा दिवा लागला आणि खोलीत कोपऱ्याकोपऱ्यात सिग्नल भरून गेला. खुर्चीच्या जागीही आकडा पडला नाही. मी दोनदा तपासलं. तिथे आता काही नव्हतं.

जिना उतरताना फोन सहज हातात होता, मीटर पुन्हा खालच्या राउटरवर लावलेलं. मधल्या पायरीवर आकडा सहाने पडला. मी थांबलो, भिंतीला अंग चोरून उभा राहिलो. आकडा चढला.

दुकानात मुलाने विचारलं, "झालं? आता कुठे अडत नाही ना?"

"नाही."

फॉर्म उघडला. 'समस्या आढळली नाही.' सही केली. काकू बाहीला टाके घालत होत्या आणि घालता घालता, मान वर न करता, त्यांनी आपले पसरलेले पाय आत ओढून घेतले, जाणाऱ्याला वाट द्यावी तसे. मग हात थांबला. त्यांनी मागे वळून पाहिलं, मुलाकडे पाहिलं, आणि पुन्हा सुई उचलली.

मी रस्त्याचं दार उघडलं. फोनवर उणे पन्नासचे छप्पन्न झाले.

"दार लाव रे, धूळ येते," मुलगा म्हणाला.

मी वाट देत बाजूला सरकलो आणि दार धरून उभा राहिलो. बराच वेळ उभा राहिलो. आकडा चढला नाही.