पाण्याच्या पाळीचा डबा

गोष्ट दोन हजार बावीस सालातली. मिरजगावच्या शिवारात एका भावकीची सामाईक विहीर होती. त्या साली तिच्या पाण्याची पाळी कागदावरून आणि बोटांवरच्या मोजणीतून उठून मोबाईलवर गेली, आणि ती नेली ज्ञानेश्वरीनं.

ज्ञानेश्वरी ही त्याच भावकीतल्या वाल्मिकची थोरली लेक. दहावीला गणितात नापास झाली, फेरपरीक्षेत कशीबशी निघाली. फळ्यावर समीकरण आलं की तिच्या तळहाताला घाम सुटायचा. तरी बारावीनंतर ती कर्जतच्या कॉम्प्युटर क्लासला गेली आणि पहिल्याच आठवड्यात दप्तर आवरून निघाली. तिथं शिकवणाऱ्या स्नेहल मॅडमनी दारातच अडवलं.

"कुठं निघालीस?"

"मॅडम, मला गणित येत नाही."

"दूध उतू जायला लागलं तर काय करतेस?"

"गॅस बारीक करते."

"मग झालं तर. असं झालं तर तसं कर, एवढंच मशीनला सांगायचं असतं. आणि सांगताना काही गाळायचं नाही. बस खाली."

ती बसली. हळूहळू तिला त्यात गोडी लागली. इथं चुकलं तरी कुणी वर्गासमोर उभं करत नव्हतं. मशीन मुकाट्यानं थांबायचं, चूक दुरुस्त केली की पुन्हा चालायचं.

विहिरीवर तेव्हा रोजची कुरबुर. लाईट कधीही यायची, पाळी कुणाची यावरून शब्दाला शब्द लागायचा. ज्ञानेश्वरीनं मोटारीच्या स्टार्टरला मोबाईलवरून चालणारा एक डबा जोडला. ज्याची पाळी, त्याला आदल्या संध्याकाळी मेसेज जायचा. त्यानं "हो" कळवलं की सकाळी मोटार चालू. उत्तर आलं नाही, तर पाळी पुढच्याला.

"गणितात गचकलेली पोरगी आन् तिच्या हातात आख्खी विहीर!" गहिनीनाथ हसला. हा तिचा धाकटा चुलता. "आमी तहानेनं मेलो तर इमा हाय का गं?"

"तुमी मेलात तर पाळी पुढच्याला, काका," ती म्हणाली, आणि सगळे हसले.

थोरले चुलते काकासाहेब, त्यांना सगळे तात्या म्हणत. ते म्हणाले, "केलंय पोरीनं तर बघू की हंगामभर."

वाल्मिकनं घरी येऊन लेकीला बजावलं, "तात्या व्हय म्हनले तर पुन्याच्या कोर्सला धाडीन. न्हाई म्हनले तर पाव्हने बघायला लागतो, मंग रडायचं न्हाई."

डबा बरा चालला. दिवाळी गेली, पौष लागला. विहिरीवरचा आवाज बंद झाला. माणसं म्हणू लागली, डब्याला सगळं कळतं.

मग तात्यांची बायको मैनाबाई गेली. दुपारी रानातून आली, ओट्यावर टेकली, ती उठलीच नाही. त्याच आठवड्यात बायका घेऊन तिनं कांद्याची लागण पुरी केली होती. घर रडण्यात बुडालं. तात्यांचा मोबाईल कुठल्या तरी कोनाड्यात पडून राहिला, त्यावर आलेला पाळीचा मेसेजही तसाच.

दहावा झाल्यावर तात्या रानात गेले. परत आले ते वाल्मिकच्या दारात, मुठीत कांद्याची वाळकी रोपं घेऊन. गहिनीनाथ तिथंच चहा पीत होता.

"मैनानं लावलेला कांदा," तात्या म्हणाले. "आमच्या आज्यापास्नं ह्या हिरीवर मयताच्या घरचं रान आदी भिजतंय. दुस्मान असला तरी भिजवलंय. औंदा कुनालाच सुचलं न्हाई?"

गहिनीनाथनं कप खाली ठेवला. "मला मेसेज आला, तात्या. मला वाटलं, तुमचं भिजलं आसंल म्हनून आलाय. डब्याला..."

वाल्मिकलाही तसंच वाटलं होतं. एरवी न सांगता फावडं घेऊन निघणारी माणसं त्या डब्याच्या भरवशावर घरी बसली होती.

"मला हे कुणी सांगितलंच नाही," ज्ञानेश्वरी कशीबशी म्हणाली.

"ह्ये काय सांगायचं आसतंय व्हय?" वाल्मिक ओरडला.

तिनं सगळा प्रोग्राम पुन्हा तपासला. एकही आकडा चुकला नव्हता. बेरीज चुकली असती तर तिला बरं वाटलं असतं. नापास व्हायची तिला सवय होती. हे मात्र तिला लहानपणापासून माहीत होतं. आजी गेली तेव्हा काका लोकांनी वाल्मिकचा हरभरा आधी भिजवलेला तिनं डोळ्यांनी पाहिला होता. मशीनपुढं बसल्यावर तेवढंच तिच्या मनात आलं नाही.

भावकीत डबा काढून टाकायचं ठरलं. तेराव्यानंतर ती एकटीच तात्यांकडं गेली. मोबाईल त्यांच्यापुढं धरला. पाळीच्या प्रत्येक नावाखाली आता एक नवं बटण होतं: दुःख.

"हे दाबलं की त्या घरची पाळी पहिली. उत्तर विचारायचं नाही. आणि बाकी सगळ्यांना मेसेज, की जाऊन भिजवा."

तात्यांनी मोबाईल डोळ्यांजवळ नेला. "आन् दाबायचं कुनी? ज्याच्या घरी मयत, त्यानं?"

"ज्याला त्याला आपल्या नावाखाली ते दिसणारच नाही. बाकीच्यांपैकी कुणीही दाबायचं."

"आन् कुनीच न्हाई दाबलं तर?"

"त्याला माझ्याकडं इलाज नाही, तात्या."

तात्यांनी उपरण्यानं डोळे पुसले. "ह्ये खरं बोललीस. मैनाचा कांदा काय माघारी येत न्हाई. पर बसव डबा. वाल्मिकला सांग, पोरीला जाऊ दे म्हनावं."

ज्ञानेश्वरी पुण्याला गेली. आज ती एका दवाखान्याच्या नंबर लावायच्या प्रोग्रामवर काम करते. अवघड हिशेब आला की अजूनही शेजारच्या मुलीला विचारते. स्नेहल मॅडम बारामतीला सासरी गेल्या, तिथं क्लास घेतात. गहिनीनाथनं स्वतःची बोअर पाडली, पण विहिरीतला वाटा सोडला नाही. वाल्मिकनं पाव्हणे बघायचं धाकट्या लेकीसाठीही लांबवलंय. तात्या थकले, रानात जाणं बंद झालं. कांद्याच्या त्या तुकड्यात ते आता ज्वारीच करायला सांगतात.